बटू नर (सागरी अपृष्ठवंशी प्राणी)

मादीच्या मानाने अतिशय लहान असलेला, बहुधा तिच्या अंगावर, कवचात, नळीत किंवा थेट शरीराच्या आत राहणारा आणि शुक्राणू पुरवण्यापलीकडे फारसे काही न करणारा नर. बार्नेकल, सागरी कृमी, ऑक्टोपस अशा एकमेकांशी दूरचेच नाते असलेल्या गटांत असे नर स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले आहेत. यांतल्या बऱ्याच प्राण्यांची मादी अभ्यासकांना आधी माहीत झाली. नर डोळ्यांसमोर असूनही ओळखू आला नाही. कधी त्याला परजीवी समजले गेले, तर कधी मादीचाच एखादा अवयव.

कोकणातल्या खडकांवर, जेट्टीच्या खांबांवर आणि होड्यांच्या तळाला पाय कापतील अशी धारदार पांढरी कवचे चिकटलेली असतात, ती बार्नेकलची. हा प्राणी खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातला आहे. अळी असताना तो पोहतो. मग जागा निवडून डोक्याच्या बाजूने कायमचा चिकटतो. जागा सोडून जोडीदार शोधायला जाणे त्याला शक्यच नाही. म्हणून बहुतेक बार्नेकल उभयलिंगी असतात आणि शेजाऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांचे शिश्न लांबवर ताणले जाते. काही जातींत ते शरीराच्या लांबीच्या आठपटीपर्यंत जाते. पण शेजारीच नसेल तर?

या प्रश्नाचे उत्तर चार्ल्स डार्विनला मिळाले. १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे त्याने बार्नेकलच्या अभ्यासात घातली. इब्ला प्रजातीच्या एका जातीत त्याला फक्त माद्याच सापडत होत्या आणि त्यांच्या आत बारीक परजीवींसारखे काही रुतलेले दिसत होते. नीट विच्छेदन केल्यावर कळले, की तेच नर! पुढे आणखी एका बार्नेकलच्या मादीच्या कवचात दोन छोटे खिसे आणि प्रत्येक खिशात एकेक नवरा आढळल्याचे त्याने १८४९ साली चार्ल्स लायेल या भूवैज्ञानिकाला पत्राने कळवले. काही जातींत तर उभयलिंगी प्राण्याच्याच अंगावर असे नर मिळाले. त्यांना त्याने 'पूरक नर' म्हटले. उभयलिंगी अवस्थेतून नर-मादी वेगळे कसे होत जातात, याच्या मधल्या पायऱ्याच आपल्या हाती लागल्या आहेत, असे त्याला वाटले. उत्क्रांतीचा सिद्धान्त मनात घोळत असण्याच्या त्या काळात हा पुरावा त्याच्यासाठी फार मोलाचा होता.

बार्नेकलच्याच गणगोतातल्या सॅक्युलिनासारख्या प्राण्यांनी अभ्यासकांना आणखी शंभर वर्षे चकवले. या परजीवीची मादी एखाद्या खेकड्याच्या शरीरात मुळांसारखी पसरते आणि तिची अंड्यांनी भरलेली पिशवी त्याच्या पोटाखाली बाहेर येते. या पिशवीत शुक्राणू तयार करणारे भाग दिसत, म्हणून प्राणी उभयलिंगी आणि ते भाग त्याची वृषणे, असे पाठ्यपुस्तके सांगत राहिली. १९५८ साली जपानमध्ये इचिकावा आणि यानागिमाची यांनी शंखखेकड्यावरच्या अशाच एका परजीवीत दाखवून दिले, की ती वृषणे नव्हेतच, तिथे नर राहतात. नर अळी कोवळ्या पिशवीच्या तोंडाशी येऊन चिकटते आणि स्वतःतला पेशींचा एक बारीकसा पुंजका आत सोडते. तो सरकत खास कप्प्यात पोहोचतो, अंगावरचे आवरण टाकतो आणि आयुष्यभर शुक्राणू बनवत राहतो. असे कप्पे दोन असतात आणि एका कप्प्यात एकच नर मावतो. डोळे, पाय, आतडे यांतले काहीही त्याच्याजवळ उरत नाही. नराची याहून संक्षिप्त आवृत्ती प्राणिसृष्टीत दाखवणे कठीण आहे.

भूमध्य समुद्रातल्या बोनेलिया व्हिरिडिस या हिरव्या कृमीत नवल वेगळेच आहे. मादीचे शरीर वीतभरही नसते. ती खडकाच्या कपारीत लपते आणि टोकाशी दुभंगलेली सोंड मीटरभर लांब पसरून खाद्य गोळा करते. नर एक ते तीन मिलिमीटरचा, केसाळ त्वचेचा, मादीच्या जननमार्गात राहणारा. अळी जन्मतः नर किंवा मादी ठरलेली नसते. ती मोकळ्या तळावर एकटी पडली तर बहुधा मादी होते. मादीच्या सोंडेवर उतरली तर नर होऊन आत शिरते. फ्रिट्झ बाल्टझर या स्विस शास्त्रज्ञाने नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर प्रयोग केले. सोंडेवर बसलेल्या अळ्या त्याने मध्येच काढून घेतल्या, तेव्हा त्या धड नर झाल्या नाहीत की धड मादी. जितका वेळ सोंडेवर राहिल्या तितक्या त्या नराकडे झुकल्या. लिंग पर्यावरणाने ठरते याचे हे गाजलेले उदाहरण आहे. तरी सगळे काही सोंडेवरच अवलंबून नाही: एकट्या वाढवलेल्या अळ्यांतूनही थोडे नर निघतात, म्हणजे आनुवंशिकतेचा काही वाटा असणार.

ऑक्टोपसांमध्ये नर मादीच्या अंगात राहत नाही, पण आपला एक बाहू तिच्याजवळ ठेवून जातो. आर्गोनॉट या शंखधारी ऑक्टोपसाच्या माद्यांत वळवळणारे, चूषकांच्या रांगा असलेले काहीतरी सापडे. १८२९ मध्ये क्युव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने ते परजीवी कृमी मानून त्याला हेक्टोकोटायलस हे नाव दिले. स्विस शरीररचनाशास्त्रज्ञ क्योलिकरला तोच अख्खा नर वाटला. १८५३ मध्ये हाइनरिश म्युलरने खरा नर वर्णिला: शंख नसलेला, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, डोळ्याखालच्या पिशवीत हा बाहू गुंडाळून बाळगणारा. शुक्राणू घेऊन बाहू तुटतो आणि मादीत राहतो. चुकून पडलेले नाव मात्र शास्त्रात आजही त्या बाहूसाठी वापरले जाते. याच नात्यातल्या ट्रेमॉक्टोपसची मादी दोन मीटरपर्यंत वाढते, नर अडीच सेंटिमीटरही भरत नाही. वजनातला फरक किमान दहा हजारपट. त्याचा जिवंत नर २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफजवळ पहिल्यांदा पाहिला गेला.

मोठ्या मादीला जास्त अंडी घालता येतात, हा आकाराचा फायदा उघड आहे. शुक्राणूंना मात्र मोठे शरीर लागत नाही. जिथे जोडीदार विरळ आहेत किंवा एका जागी खिळलेले आहेत, तिथे लवकर वयात येऊन एकदा सापडलेल्या मादीला चिकटून राहणारा नरच संतती मागे ठेवतो. त्याला अधोगती म्हणण्याची जुनी सवय सोडून द्यायला हवी. खोल समुद्रातल्या काही अँगलर माशांतही असेच नर आढळतात, पण ते पृष्ठवंशी.

२००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात सुमारे २,९०० मीटर खोलीवर मेलेल्या देवमाशाच्या हाडांवर ओसेडॅक्स हा कृमी सापडला. मादीला तोंड नाही, आतडे नाही. ती हाडात मुळे रोवते, आम्लाने हाड विरघळवते आणि सहजीवी जिवाणूंच्या मदतीने पोषण मिळवते. तिच्या नळीत अळीच्याच रूपात अडकलेले, अंड्यातल्या बलकावर जगणारे सूक्ष्म नर असतात, कधी शंभरावर. हाडावर पडलेली अळी मादी होते आणि मादीवर पडलेली नर, असे इथेही मानले जाते. पण याच प्रजातीतल्या ओसेडॅक्स प्रायापस या जातीने उत्क्रांतीची दिशा उलटवली आहे. तिचा नर मादीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका वाढतो, स्वतः हाडात मुळे रोवून खातो आणि शेजारच्या माद्यांपर्यंत पोहोचण्यासाठी आपले शरीर लांबवर ताणतो.