पाळीआधी मन ढासळतं, त्यामागचा शोध

पाळीच्या आधी आठवडाभर रडू येतं, घरात खटके उडतात, जगणं नकोसं होतं, अशी तक्रार असली की पहिला संशय हार्मोन्सवर जातो. तो जुनाच आहे. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्ये या त्रासाचं खापर जादा इस्ट्रोजेनवर फोडलं. इंग्लंडमध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी १९५३ मध्ये ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ (पाळीआधीच्या त्रासांचा समूह) हे नाव रूढ केलं. डाल्टन प्रोजेस्टेरॉन कमी पडतं असं मानून तेच देत राहिल्या, पण पुढच्या चाचण्यांत त्याचा ठोस फायदा दिसला नाही.

खरा उलगडा १९९८ मध्ये झाला. पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी ल्युप्रोलाइड हे औषध देऊन बीजांडकोशांचं काम थांबवलं, तेव्हा अनेकींचा त्रास ओसरला. मग इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन पुन्हा दिल्यावर त्या बायकांना त्रास परत सुरू झाला. ज्यांना मुळात तक्रार नव्हती, त्यांना काहीच झालं नाही. म्हणजे हार्मोन्सची पातळी नेहमीचीच असते, तिला मेंदू देत असलेला प्रतिसाद वेगळा असतो. म्हणूनच रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाईला ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणणं सरळसरळ अन्याय आहे.

२०१३ मध्ये डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेने पीएमडीडीला, म्हणजे पाळीआधीच्या या त्रासाच्या तीव्र रूपाला, नैराश्याच्या आजारांत जागा दिली. अकरापैकी किमान पाच लक्षणं लागतात, त्यांतलं एक तरी मनाचं. निदान पक्कं करायला दोन पाळ्यांची रोजची नोंद हवी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या ज्या चौकोनात दुधाचा हिशेब असतो, तिथेच रोज रात्री चिडचिड, उदासी, झोप यांना १ ते ६ गुण द्यावेत. महिनाअखेरीस आठवून लिहिलेलं चालत नाही. वाईट दिवसच लक्षात राहतात.

पाळी संपल्यानंतरचा आठवडा नीट पाहावा. तोही उदास गेला, तर पीएमडीडी नव्हे, मूळचं नैराश्य पाळीआधी बळावत असण्याची शक्यता जास्त. उपचार तिथेच बदलतात: पीएमडीडीत फ्लुऑक्सेटिनसारखं नैराश्यावरचं औषध काही दिवसांतच लागू पडतं, म्हणून काहींना ते फक्त पाळीआधीचे दोन आठवडे देतात. नैराश्यात ते रोज घ्यावं लागतं, आणि बायपोलर (कधी उदासी, कधी उन्माद असा आजार) असेल तर नुसत्या त्याच औषधाने उन्माद उसळू शकतो.

मुंबईत केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयात स्त्रीरोग आणि मानसोपचार या दोन्ही ओपीडींत जाताना दोन्हीकडचे केसपेपर सोबत न्यावेत. एकीकडचं औषध दुसरीकडच्या औषधाला बाधू शकतं: बायपोलरमध्ये मन स्थिर ठेवायला दिलेलं लॅमोट्रिजिन चालू असताना इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी सुरू केली, तर रक्तातलं लॅमोट्रिजिन घटतं आणि आजार उलटू शकतो.