चॅनेलिंग (हॉट रॉड)

चॅनेलिंग : जुन्या मोटारीच्या बॉडीचा तळ कापून, चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन्ही दांड्या पोटात घेईल अशी ती खाली उतरवण्याची पद्धत. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेतील हॉट रॉडवाल्यांमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांत वेगासाठी फेरफार करणाऱ्या हौशी लोकांमध्ये, ती रुळली. नव्या तळाला दांड्यांसाठी पन्हळीसारखा आकार द्यावा लागतो.

गाडी बुटकी दिसावी म्हणून आणखीही उपाय करतात. चॉपिंगमध्ये छताचे खांब कापतात, तर सेक्शनिंगमध्ये बॉडीच्या कमरेतून आडवी पट्टीच काढून टाकतात. चॅनेलिंगमध्ये बाहेरचा पत्रा बहुतांशी शाबूत राहतो. स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी खाली बसवण्याशी मात्र याची गल्लत करू नये. इथे चेसिस जमिनीपासून होती तितकीच उंच राहते, उतरते ती फक्त बॉडी.

फोर्डच्या मॉडेल टी, मॉडेल ए आणि 1932 च्या गाड्यांची बॉडी चेसिसवर बोल्टांनी बसवलेली असे, म्हणून हा खटाटोप शक्य झाला. कॅलिफोर्नियातील म्युरॉक आणि एल मिराज या सुकलेल्या तळ्यांवर हौशी तरुण वेगाच्या चाचण्या घेत. 1937 मध्ये त्यासाठी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. बॉडी खाली आली की समोरून वारा अडवणारे क्षेत्रफळ घटते, हा फायदा खरा. गुरुत्वमध्य मात्र समजतात तितका खाली येत नाही, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स जागचे हलत नाहीत.

कामात खरी कसोटी कापण्याआधी लागते. दाराच्या चौकटीत आडवेतिडवे पाइप वेल्ड करून बॉडी जखडून घेतात. हे केले नाही, तर तळ निघताच पत्रा फाकतो आणि दार पुन्हा नीट लागत नाही. मग तळ दांड्यांलगत कापून बॉडी साधारण 4 ते 6 इंच खाली सोडतात आणि नवा तळ व टेकू वेल्ड करतात. पण काम इथे संपत नाही. इंजिनमागची पत्र्याची भिंत कापावी लागते, स्टिअरिंगच्या दांड्याचा कल बदलतो, रेडिएटर बॉडीच्या मानाने उंच दिसू लागतो आणि मडगार्ड जुळत नाहीत. बहुतेक जण ते काढूनच टाकतात.

बाहेर कमावलेले इंच आत गमवावे लागतात. तळ बॉडीच्या आत वर आल्याने सीटऐवजी पातळ गादी टाकून, पाय जवळजवळ सरळ पसरून गाडी चालवावी लागते. कूपे म्हणजे पक्क्या छताच्या दोन दारी गाडीत त्यावर चॉपिंगही केले, तर समोरची काच खिडकीपेक्षा फटच वाटते.

‘ड्यूस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 1932 च्या फोर्डबाबत मतभेद आहेत. तिच्या दांड्या बाहेरून दिसाव्यात अशाच घडवलेल्या होत्या. त्यांच्यावर पत्र्यातच उठवलेली सुरेख रेघ होती. चॅनेलिंगने नेमकी तीच झाकली जाते. म्हणून कॅलिफोर्नियात बॉडी दांड्यांवरच ठेवलेली, बिनमडगार्डची ‘हायबॉय’ जास्त मानली गेली, तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर छताला हात न लावता केलेले खोल चॅनेलिंग ही तिथल्या गाड्यांची खूण ठरली.

अशी जुनी बॉडी आज हाती आली, तर काही जण नवा तळ जोडून तिला पुन्हा दांड्यांवर चढवतात. काही जण मात्र 1950 च्या दशकातले ओबडधोबड वेल्डिंगही घासून काढत नाहीत.