रीगलवरचं फाटलेलं पोस्टर आणि १९७० चा तो शुक्रवार

इंदूरला धरना म्हटलं की रीगल तिराहा, गांधीजींचा पुतळा. मागे एका संध्याकाळी तिथंच वीस-बावीस लोक मेणबत्त्या घेऊन 'युद्ध नको' म्हणत उभे होते, समोरून तिरंगा घेतलेली पोरं आली, दोन्हीकडून घोषणा चढत गेल्या आणि कुणीतरी एका बाईंच्या हातातलं पुठ्ठ्याचं पोस्टर ओढून फाडलं. त्या बाई रडल्या नाहीत, खाली बसून तुकडे गोळा करत राहिल्या. माझ्या शेजारचे काका एवढंच म्हणाले, "ज्याचं पोरगं बॉर्डरवर आहे त्याला विचारा की." त्यांचा मुलगा फौजेत. आपल्याकडे महू जेमतेम २०-२५ किलोमीटरवर, १८१८ पासूनची छावणी, त्यामुळे असं बोलणारं कुणी ना कुणी ओळखीत असतंच.

पण हे भांडण खूप जुनं आहे. पहिल्या महायुद्धात, १ जुलै १९१७ ला अमेरिकेत बोस्टनमध्ये समाजवाद्यांचा शांतता मोर्चा निघाला तर गणवेशातल्या सैनिकांनी आणि खलाशांनीच तो उधळून लावला.

सगळ्यात गाजलं ते न्यूयॉर्कचं. व्हिएतनाम युद्ध चालू होतं, ३० एप्रिल १९७० ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शेजारच्या कंबोडियातही फौज घुसवल्याचं जाहीर केलं, कॉलेजं पेटली, ४ मे ला केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव फौजेच्या) गोळीबारात ४ विद्यार्थी मेले. ८ मे च्या शुक्रवारी वॉल स्ट्रीटजवळ विद्यार्थी निषेध करत होते, दुपारी डोक्यावर हेल्मेट घातलेले बांधकाम मजूर चालून आले, पोरांना हेल्मेटनंच बदडलं, मग सिटी हॉलवर गेले, कारण महापौर लिंडसे यांनी मेलेल्या विद्यार्थ्यांसाठी झेंडा अर्ध्यावर उतरवला होता, तो त्यांना पूर्ण वर हवा होता. ७० च्या आसपास लोक जखमी, अटक फक्त सहा. बरेच पोलीस नुसते बघत उभे होते, आणि हे मला आजही माफ करता येत नाही.

मात्र मजुरांना गुंड म्हणून सोडून देणंही बरोबर नाही. कॉलेजात नाव असलं की सक्तीच्या भरतीतून सूट मिळायची, मजुराच्या पोराला ती कुठून मिळणार? म्हणजे व्हिएतनामला जाणार ह्यांची पोरं आणि रस्त्यावर घोषणा देणार ती घरी राहिलेली, असं त्यांना दिसायचं. काकांचं वाक्य तेच होतं ना! निक्सननं हा राग बरोबर ओळखला, २६ मे ला मजुरांचे पुढारी पीटर ब्रेनन व्हाइट हाउसला जाऊन त्याला हेल्मेट देऊन आले आणि १९७३ मध्ये तेच कामगार मंत्री झाले. ज्या पोरांच्या जिवासाठी राग होता, ती पोरं पुढेही मरतच राहिली.

एक उदाहरण मात्र मी सगळ्यांना सांगतो. १६ ऑक्टोबर १९६५ ला कॅलिफोर्नियात बर्कलीहून ओकलंडकडे निघालेल्या युद्धविरोधी मोर्च्यावर 'हेल्स एंजल्स' ही मोटरसायकलवाल्यांची टोळी तुटून पडली, बॅनर फाडले, एका पोलिसाचा पाय मोडला. पुढचा मोर्चा २० नोव्हेंबरला होता. मधल्या दिवसांत कवी ॲलन गिन्सबर्ग आणि बाकीचे स्वतः त्या टोळीला जाऊन भेटले, बसले, बोलले. टोळीचं मत काही बदललं नाही, उलट त्यांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना तार करून आम्हालाच व्हिएतनामला पाठवा म्हणून सांगितलं, पण मोर्च्यावर ते आले नाहीत.

रीगलवर त्या दिवशी दोघांच्या मधे जाणारं कुणीच नव्हतं, एकच शिपाई होता आणि तो ट्रॅफिक बघत होता.