जोडलेले हात: जर्मन शहरांतल्या ग्रीक-रोमन मूर्तिसंग्रहांची पार्श्वभूमी

बर्लिनचे पेर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी पूर्ण बंद आहे. जाहीर वेळापत्रकाप्रमाणे प्रसिद्ध वेदीचे दालन २०२७ मध्ये उघडेल आणि दक्षिणेकडची बाजू थेट २०३७ मध्ये. तिथे जाऊन बंद दार पाहून परतणाऱ्यांची हळहळ समजण्यासारखी आहे. पण आजच्या तुर्कस्तानातल्या एका टेकडीवरची ग्रीक वेदी बर्लिनला आलीच कशी? आणि बर्लिन, म्युनिक, ड्रेस्डेन, व्हिएन्ना, कासेल, बाझल अशा प्रत्येक शहराकडे ग्रीक-रोमन मूर्तींचा स्वतःचा वेगळा संग्रह का?

याचे उत्तर बरेचसे राजकारणात सापडते. फ्रान्सला पॅरिस होते, इंग्लंडला लंडन होते. जर्मन भाषक प्रदेशाला १८७१ पर्यंत एक राजधानीच नव्हती. ड्यूक, इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा), लँडग्राफ (प्रांताचा सत्ताधारी सरदार), बिशप अशा कितीतरी सत्ताधाऱ्यांचे कितीतरी दरबार होते आणि शेजारच्या दरबारापेक्षा आपला दरबार उजवा दिसावा ही प्रत्येकाची धडपड होती. रोमचा वारसा आपल्याकडे आहे हे दाखवण्याचा सरळ मार्ग म्हणजे रोमहून मूर्ती आणणे. बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याने १५६८ ते १५७१ या काळात म्युनिकच्या राजवाड्यात केवळ प्राचीन मूर्तींसाठी सुमारे ६६ मीटर लांबीचे दालन बांधले. 'आंटिक्वारिउम' नावाचे हे दालन आजही पाहता येते. आल्प्सच्या उत्तरेला खास प्राचीन मूर्तींसाठी इतक्या लवकर आणि इतक्या भव्य प्रमाणावर क्वचितच कोणी बांधकाम केले असेल.

खरी मोठी खरेदी मात्र ड्रेस्डेनची. सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा असलेल्या ऑगस्टस द स्ट्राँगने १७२८ मध्ये रोममधल्या किजी आणि आल्बानी या घराण्यांच्या मूर्ती घाऊक विकत घेतल्या. मूर्ती पोचल्या, पण त्या नीट मांडायला जागा कुठे होती? पुढे कितीतरी वर्षे त्या शहराबाहेरच्या 'ग्रोस गार्टेन' या मोठ्या बागेतल्या मंडपांत दाटीवाटीने पडून होत्या. योहान योआखिम विंकेलमान हा श्टेंडालच्या एका चांभाराचा मुलगा त्या काळात ड्रेस्डेनजवळ नोटनिट्झ इथे एका सरदाराच्या ग्रंथालयात नोकरीला होता. टोपलीत मासळी रचावी तशा या मूर्ती रचल्या आहेत, दिसतात पण न्याहाळता येत नाहीत, अशी खंत त्याने पुढे लिहून ठेवली. याच ड्रेस्डेनमध्ये १७५५ साली त्याने ग्रीक कलेवर एक छोटा निबंध छापला. 'उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता' हे त्यातले शब्द पुढची शंभर वर्षे जर्मन माणसाच्या तोंडी राहिले. हे शब्द त्याने ज्या लाओकून शिल्पासंदर्भात (सापांच्या विळख्यात सापडलेला पुरोहित आणि त्याची मुले) वापरले, ते मूळ शिल्प त्याने तोवर पाहिलेले नव्हते. ते रोममध्ये होते. विंकेलमानचा ग्रीस हा असा प्रतिकृती, चित्रे आणि पुस्तके यांतून घडलेला होता, आणि हे लक्षात ठेवले की पुढचे बरेच काही समजते.

विंकेलमानला ड्रेस्डेनमध्ये पाहायला मिळालेल्या मूर्तींपैकी तीन स्त्रीमूर्ती हर्क्युलेनियमच्या. व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या गावात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एल्बफच्या राजपुत्राने खोदकाम केले, त्यात त्या सापडल्या. त्याने त्या व्हिएन्नाला ऑस्ट्रियाचा सेनापती प्रिन्स युजिन याच्याकडे पाठवल्या. १७३६ मध्ये युजिन वारला आणि त्याच्या वारसाने संग्रह विकायला काढला तेव्हा या तिघी ड्रेस्डेनला आल्या. युजिनच्याच संग्रहात एक ब्राँझचा मुलगाही होता. दोन्ही हात आभाळाकडे उचलून उभा असलेला हा मुलगा ऱ्होड्स बेटावर सापडला होता. १७४७ मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेटने तो विकत घेतला आणि पोट्सडॅमच्या सांसूसी प्रासादात, आपल्या ग्रंथालयाच्या खिडकीतून दिसेल असा बाहेर उभा केला. त्याला 'प्रार्थना करणारा मुलगा' म्हणतात. पण ते उचललेले हात मूळचे नाहीत. ते पुढच्या काळात जोडलेले आहेत. म्हणजे ज्या हातांवरून मूर्तीला नाव पडले, ते हात ग्रीक कारागिराने केलेलेच नाहीत.

अशा मूर्ती सर्वांना कशा दिसणार? इथे प्लास्टरच्या प्रतिकृती कामी आल्या. मूळ मूर्तीवरून साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतायचे आणि ती प्रत हव्या त्या शहरात न्यायची. गटिंगेन विद्यापीठात हाइने या प्राध्यापकाने १७६७ पासून अशा प्रती जमवल्या. मानहाइमच्या प्रतिकृती-दालनात पुढे थोर जर्मन कवी झालेला तरुण गटे भारावून गेला होता. मूळ वस्तूंपुढे या प्रतींना आपण सहज दुय्यम ठरवतो, ते मला अन्यायाचे वाटते. सामान्य घरातल्या विद्यार्थ्याला ग्रीस भेटला तो या पांढऱ्या प्लास्टरमधून. कासेलमध्ये लँडग्राफ फ्रेडरिक दुसऱ्याने १७७९ मध्ये फ्रिडेरिसियानुम ही खास संग्रहालय म्हणून बांधलेली इमारत लोकांसाठी खुली केली, तीही याच काळातली. याच राज्याची तिजोरी तेव्हा आपले सैनिक अमेरिकेतल्या युद्धासाठी इंग्लंडला भाड्याने देऊन भरत होती, हे त्या इमारतीबद्दल बोलताना विसरू नये.

मग नेपोलियन आला. १८०६ मध्ये त्याच्या माणसांनी बर्लिन आणि कासेलचे संग्रह पॅरिसला नेले. फ्रेडरिकचा ब्राँझचा मुलगाही गेला. १८१५ मध्ये या वस्तू परतल्या तेव्हा त्यांच्याकडे पाहण्याची लोकांची नजर बदललेली होती. राजाची खाजगी चीज म्हणून गेलेली मूर्ती परत येताना सर्वांची होऊन आली होती. सार्वजनिक संग्रहालयाची मागणी तिथून जोर धरू लागली.

याच धामधुमीत म्युनिकच्या संग्रहाची कथा घडली. ती मला सगळ्यांत ओढून घेते. १८११ च्या वसंतात चार तरुण अथेन्सजवळच्या एजिना बेटावर गेले. कॉकरेल आणि फॉस्टर हे दोन इंग्रज, हालर फॉन हालरश्टाइन आणि लिंक हे दोन जर्मन. पडक्या अफाया मंदिराची मापे घ्यायची, नकाशे काढायचे, एवढाच बेत होता. खणताना जमिनीच्या थोडेच खाली संगमरवरी योद्धे लागले. मंदिराच्या दर्शनी बाजूच्या त्रिकोणी शिखरातून भूकंपात वा पडझडीत कोसळलेले, तुकडे झालेले, पण चेहऱ्यावर अजून ते जुन्या वळणाचे मंद हसू असलेले. बेटावरच्या लोकांना थोडी रक्कम देऊन या चौघांनी सगळे उचलले आणि १८१२ मध्ये झांटे बेटावर लिलाव ठेवला. मूर्ती मात्र सुरक्षिततेसाठी माल्टाला हलवल्या होत्या. ब्रिटिश म्युझियमचा माणूस लिलाव माल्टालाच होणार या समजुतीने तिकडे गेला. बव्हेरियाचा युवराज लुडविग याचा दलाल, चित्रकार मार्टिन फॉन वाग्नर, झांटेला वेळेवर हजर राहिला आणि मूर्ती म्युनिकच्या झाल्या.

त्या थेट म्युनिकला गेल्या नाहीत. रोममध्ये त्या काळचा नामवंत डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसेन याच्या हाती दिल्या गेल्या. त्याने नवी डोकी, नवे हात, नवे पाय घडवून योद्धे पुरे केले. जोड नव्या संगमरवराचे, आणि नीट बसावेत म्हणून काही ठिकाणी जुना तुटलेला पृष्ठभागही तासला गेला. भग्न मूर्ती लोकांपुढे ठेवणे तेव्हा अप्रशस्त वाटे. दरम्यान लुडविगने लेओ फॉन क्लेंझे या वास्तुकाराकडून १८१६ पासून ग्लिप्टोथेक हे मूर्तिसंग्रहालय बांधायला घेतले. १८३० मध्ये ते उघडले. त्याच वर्षी, काही महिने आधी, बर्लिनला शिंकेलने बांधलेले आजचे आल्टेस म्युझियम उघडले. दोन्ही इमारतींना दर्शनी बाजूला ग्रीक मंदिरासारखे खांब आहेत. देवळातून काढलेल्या मूर्तींसाठी पुन्हा देऊळच बांधले गेले, फक्त पूजा कलेची.

बर्लिनकडे अजून एजिनाच्या तोडीचे काही नव्हते. १८७१ नंतर नव्या साम्राज्याला ते सलू लागले. पहिला मोठा प्रयत्न ग्रीसमधल्या ऑलिंपिया या प्राचीन तीर्थस्थळाचा. पुरातत्त्वज्ञ एर्न्स्ट कुर्टियुसच्या पाठपुराव्यातून १८७४ मध्ये ग्रीसशी करार झाला आणि १८७५ ते १८८१ उत्खनन चालले. करार असा की सापडेल ते ग्रीसचे. जर्मनीला ज्ञान, साच्यांचे हक्क आणि फार तर दुबार वस्तू. त्या काळात असा करार होणे मोठी गोष्ट होती. मात्र बर्लिनच्या दालनांत त्यातून प्लास्टरच आले.

पेर्गामोनमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बेर्गामात, उलटे घडले. कार्ल हुमान हा तुर्की साम्राज्यात रस्ते बांधणारा अभियंता. बेर्गामा गावाच्या टेकडीवर कोरीव संगमरवर चुन्याच्या भट्टीत जाताना त्याने पाहिला. १८७८ मध्ये त्याने बर्लिनच्या पाठबळावर खोदायला सुरुवात केली. १८७४ च्या ऑटोमन कायद्यात सापडलेल्या वस्तूंचे तीन वाटे पडत: खोदणाऱ्याचा, जमीनमालकाचा, सरकारचा. बर्लिनने वाटाघाटी करून आणि पैसे मोजून बाकीचे वाटेही मिळवले, आणि देव-राक्षसांच्या युद्धाचा सुमारे ११३ मीटर लांबीचा शिल्पपट जहाजांतून निघाला. कागदोपत्री हे कायदेशीर होते. तरी एका कर्जबाजारी साम्राज्याने दिलेली संमती किती मोकळी होती, हा प्रश्न उरतोच. ऑटोमन राज्यालाही तो जाणवला असावा, कारण इस्तंबूलच्या शाही संग्रहालयाचे प्रमुख ओस्मान हमदी बे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये नवा कायदा आला आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी झाली. बेर्गामाच्या टेकडीवर आज वेदीच्या जागी जोत्याचे दगड आणि पाइनची झाडे आहेत. बर्लिनमध्ये वेदीसाठी बांधलेली पहिली इमारत पाया खचल्याने पाडावी लागली, दुसरी १९३० मध्ये उघडली.

पंधरा वर्षांत युद्धाने हे सगळे उलटेपालटे केले. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने वेदीचा शिल्पपट लेनिनग्राडला नेला, ड्रेस्डेनच्या मूर्तीही नेल्या. १९५८-५९ मध्ये त्या पूर्व जर्मनीला परत मिळाल्या. ट्रॉयचे उत्खनन करणाऱ्या श्लीमानने जर्मन जनतेला भेट दिलेले ट्रॉयचे सोने मात्र मॉस्कोतच राहिले. ते तिथे आहे हे जगाला १९९० च्या दशकात कळले. युद्धानंतर शहर दुभंगले तेव्हा बर्लिनचा संग्रहही भिंतीच्या दोन बाजूंना दोन संग्रहालयांत वाटला गेला होता. याच बर्लिनच्या संग्रहातली काही शिल्पे डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारतीय मूर्तींच्या शेजारी मांडली गेली.

जवळून पाहिले तर या मूर्तींनी आपल्या जाणकारांनाही बराच काळ चकवले. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयातला माग्डालेन्सबर्गचा तरुण १५०२ मध्ये सापडलेले रोमन ब्राँझ म्हणून शतकानुशतके मिरवला. १९८० च्या दशकात तपासणी झाली तेव्हा तो सोळाव्या शतकातला ओतीव नमुना निघाला. मूळ केव्हाच हरवले होते. विंकेलमानच्या अनुयायांना प्रिय असलेला शुभ्र संगमरवरही असाच फसवा. मूर्ती रंगवलेल्या असत हे ड्रेस्डेनच्या संग्रहाचे प्रमुख गेओर्ग ट्रॉय १८८० च्या दशकात सांगत होते, एजिनाला १९०१ मध्ये पुन्हा खणणाऱ्या पुरातत्त्वज्ञ फुर्टवेंग्लरने रंगांच्या खुणा नोंदवल्या, तरी सामान्य प्रेक्षकाला लाल-निळे देव दिसले ते २००३ मध्ये म्युनिकला भरलेल्या रंगीत प्रतिकृतींच्या प्रदर्शनात.

ग्लिप्टोथेक बॉम्बहल्ल्यांत पडले होते. १९७२ मध्ये ते उघडले तेव्हा भिंतींवरची जुनी चित्रे आणि सोनेरी नक्षी पुन्हा केली नाही. विटा जवळपास तशाच दिसू दिल्या. त्याआधी १९६० च्या दशकात तिथले प्रमुख डीटर ओली यांनी एजिनाच्या योद्ध्यांवरचे थोरवाल्डसेनचे सगळे जोड उतरवले होते. दीडशे वर्षे लोकांनी पाहिलेली डोकी आणि हात गेले, तेही एका थोर शिल्पकाराचे काम होते, म्हणून वाद झाला. तो वाद मला खोटा वाटत नाही. पण आज त्या दालनात उभे राहिल्यावर हात नसलेला योद्धा ढाल कशी धरत असेल हे आपल्यालाच मनात पुरे करावे लागते आणि दगडाची जुनी कापलेली कड उघडी दिसते.

बर्लिनच्या ब्राँझच्या मुलाचे हात मात्र कोणी काढलेले नाहीत. आल्टेस म्युझियममध्ये तो अजून ते आभाळाकडे उचलून उभा आहे.