बीके ७१६ : मार्करमेरच्या गाळातले स्टर्लिंग आणि ते वर काढण्याचा वाद

२९ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनवर निघालेल्या ३२९ ब्रिटिश बॉम्बर विमानांपैकी २१ परतली नाहीत. त्यांत तीन स्टर्लिंग प्रकारची होती. बीके ७१६ हे त्यांतलेच एक. पूर्व इंग्लंडमधल्या डाउनहॅम मार्केटच्या तळावरून ते उडाले होते. नेदरलँड्सवर रात्रीच्या जर्मन लढाऊ विमानाने ते पाडले आणि सात जणांसह ते पाण्यात गेले. पाच जण ब्रिटिश होते, दोन कॅनडाचे.

चार इंजिनांच्या ब्रिटिश बॉम्बरांत स्टर्लिंग सर्वांत आधी सेवेत आले आणि जर्मनीवरच्या मोठ्या हल्ल्यांतून सर्वांत आधी, १९४३ च्या अखेरीस, बाहेर पडले. त्याच्या पंखांचा विस्तार शंभर फुटांच्या आत ठेवलेला होता, त्यामुळे ते उंच चढत नसे. कागदावरची कमाल उंची साडेसोळा हजार फूट. भरलेल्या विमानाला तीही क्वचितच गाठता येई. लँकेस्टर ही दुसरी ब्रिटिश बॉम्बर विमाने वरून जात तेव्हा स्टर्लिंग खालच्या थरात तोफांच्या आणि लढाऊ विमानांच्या तोंडी असे. इंग्लंड ते बर्लिन हा सरळ रस्ता डच किनाऱ्यावरूनच जातो, आणि तिथे जमिनीवरच्या रडारवरून एकेका लढाऊ विमानाला लक्ष्यापर्यंत नेणारी साखळी उभी होती. डच पाण्यात इतकी विमाने का सापडतात, याचे उत्तर यातच आहे. युद्धकाळात त्या देशात आणि त्याच्या पाण्यात मिळून साडेपाच हजारांच्या आसपास विमाने पडली.

बीके ७१६ पडले ते पाणी तेव्हा समुद्र राहिले नव्हते. झुइडरझे हा समुद्राचा आत घुसलेला भाग १९३२ मध्ये बांध घालून तोडला गेला आणि त्याचे आयसेलमेर हे गोड्या पाण्याचे सरोवर झाले. पुढे १९७६ मध्ये एन्कहाउझन ते लेलिस्टाड असा दुसरा बांध पुरा झाला आणि दक्षिणेकडचा भाग मार्करमेर म्हणून वेगळा पडला. शेजारचा फ्लेवोलँडचा तळ उपसून जमीन केली, तेव्हा तिथली विमाने चर खणताना, नांगरताना वर आली. त्यांचे काय करायचे हा प्रश्न वादाला वेळ न देता सुटला. मार्करमेरही उपसायचे ठरले होते. ती योजना अनेक दशके रेंगाळली आणि अखेर सोडून दिली गेली. म्हणून हे विमान पाण्याखालीच राहिले.

२००८ मध्ये एका बचावनौकेच्या नांगराला चाकांच्या जोडणीचा तुकडा अडकला. इथून पुढचा गोंधळ नीट समजून घ्यायला हवा, कारण तो अशा कामांत नेहमी होतो. तुकडा स्टर्लिंगचा हे लवकर कळले. पण सुट्या भागावर छापलेला क्रमांक विमानाचा प्रकार सांगतो, नेमके कोणते विमान ते सांगत नाही. एकाच कारखान्यातले शेकडो भाग सारखेच, शिवाय दुरुस्तीत ते एका विमानातून दुसऱ्यात जात. मग हरवलेल्या विमानांच्या नोंदी, पडल्याची वेळ आणि जर्मन वैमानिकांचे दावे जुळवून निष्कर्ष काढावा लागतो. त्यातून हे बीके ७१० हे दुसरेच स्टर्लिंग असल्याचे जाहीर झाले. ते चुकीचे निघाले. पुढे अवशेषांतल्या एका सिगारेट केसवरची आद्याक्षरे बीके ७१६ च्या एका सदस्याशी जुळली आणि ओळख बदलली. दरम्यानच्या वर्षांत चुकीच्या कुटुंबांच्या आशा वाढल्या होत्या. पहिली घोषणा घाईची होती, असे स्पष्ट म्हणायला हरकत नाही. नुसत्या तर्काने काढलेल्या ओळखीला 'बहुधा' लावायलाच हवे.

खरा वाद मात्र काढायचे की नाही, याचा. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने कोसळलेले प्रत्येक लष्करी विमान आपोआप संरक्षित ठरते. परवान्याशिवाय उकरणे गुन्हा आहे, आणि आत मानवी अवशेष असण्याची शक्यता असेल तर परवाना सहसा मिळत नाही. मृतांना जिथे आहेत तिथेच राहू द्यावे, ही त्यामागची भूमिका. नेदरलँड्सची भूमिका उलट आहे. तिथे २०१९ पासून एक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. अवशेष मिळण्याची चांगली शक्यता असलेली तीस ते पन्नास विमाने काढायची आणि खर्च केंद्र सरकारने द्यायचा. पूर्वी पैशाच्या चिंतेने नगरपालिका मागे सरत.

'शांत कबर' हा युक्तिवाद खोल समुद्रातल्या जहाजांसाठी योग्य आहे. मार्करमेर सरासरी तीन-चार मीटर खोल; तिथे नांगर पडतात, जाळी ओढली जातात, गाळ उपसला जातो. हे विमान सापडलेच मुळी नांगराने. जिथे शांतता उरलेलीच नाही तिथे ती जपण्याच्या नावाखाली काहीच न करणे पटत नाही.

काम ऑगस्टअखेरीस, २०२० मध्ये सुरू झाले. असे विमान अखंड उचलता येत नाही. आदळतानाच त्याचे तुकडे झालेले असतात. म्हणून तराफ्यावरच्या क्रेनने गाळासकट सगळे वर घ्यायचे आणि तो गाळ चाळून हाडे, वैयक्तिक वस्तू आणि दारूगोळा वेगळा करायचा. परतीच्या विमानात बॉम्ब उरले नसले, तरी आठ मशीनगनची काडतुसे असतात, म्हणून दारूगोळ्याचे जाणकार चाळणीपाशी थांबतातच. गढूळ पाण्यात पाणबुड्याला हाताच्या अंतरावरचेही दिसत नाही. हाडासारखे दिसणारे लाकूड आणि लाकडासारखे दिसणारे हाड चाळणीवरच वेगळे करावे लागते. मानवी अवशेष मिळाले. ओळखीसाठी दात, हाडे आणि नातेवाइकांचे डीएनए नमुने लागतात, आणि कागदोपत्री नोंद असलेले जवळचे नातेवाईक ऐंशी वर्षांनंतर फारसे उरलेले नसतात.

ज्यांची हाडे वेगळी करता येत नाहीत अशा चमूंसाठी ब्रिटिश प्रथा सामुदायिक कबरीची आहे: शिळा एकमेकींना टेकून उभ्या, प्रत्येकीवर वेगळे नाव. कबर नसलेल्या वीस हजारांहून अधिक हवाई दलीयांची नावे १९५३ पासून लंडनजवळच्या रनीमीड स्मारकावर कोरलेली आहेत. तिथले नाव ओळख पटताच खोडले जात नाही. दगडी फलक झिजून बदलायची वेळ येते तेव्हा ते वगळतात.