मूलकाची बाजू कोणती?

दुहेरी बंधापाशी रेणू सपाट असतो. सपाट म्हटलं की दोन बाजू आल्या आणि प्रश्नही आला: नवे अणू येऊन चिकटणार ते एकाच बाजूने, की एक वरून आणि एक खालून? दोन्हींत सूत्र तेच, पण त्रिमितीतला आकार वेगळा. असे दोन आकार शक्य असताना त्यातला एकच जास्त बनणं, याला त्रिमितीय निवडकता म्हणतात.

मुक्त मूलकाकडून अशी निवड होईल अशी अपेक्षा कमीच. मूलक म्हणजे असा अणू किंवा रेणू, ज्यातल्या एका इलेक्ट्रॉनला जोडीदार नसतो; त्यामुळे तो भेटेल त्याच्याशी बंध जोडतो. पेरॉक्साइडच्या, म्हणजे मूलक तयार करून देणाऱ्या पदार्थाच्या सान्निध्यात हायड्रोजन ब्रोमाइडची समावेशन अभिक्रिया (दुहेरी बंधावर नवे अणू जोडणं) घ्या. आधी ब्रोमीनचा अणू दुहेरी बंधाच्या एका कार्बनला चिकटतो, एकटा इलेक्ट्रॉन शेजारच्या कार्बनवर येतो. हा कार्बन जवळपास सपाट असतो, शिवाय दोघांमधला बंध आता एकेरी, म्हणजे गरगर फिरू शकणारा. मग हायड्रोजन कुठूनही येऊ शकतो आणि आकारांची सरमिसळ व्हायला हवी.

प्रत्यक्षात तसं झालं नाही. 1952 साली रसायनशास्त्रज्ञ गोअरिंग आणि सहकाऱ्यांनी ही अभिक्रिया सहा कार्बनच्या एका षट्कोनी कड्यावर केली. कड्याच्या दुहेरी बंधावर एक ब्रोमीन आधीच होता. तयार झालेल्या पदार्थात दोन्ही ब्रोमीन कड्याच्या एकाच बाजूला सापडले. चटकन वाटतं, सगळं एकाच बाजूने आलं असणार. नेमकं उलट! नवा ब्रोमीन एका बाजूने आला, हायड्रोजन विरुद्ध बाजूने, आणि हायड्रोजनने जागा घेताच जुना ब्रोमीन नव्याच्या बाजूला ढकलला गेला.

पण कडं फिरू शकत नाही, म्हणून खरी परीक्षा साखळी रेणूची. ब्रोमोब्युटीनची सिस आणि ट्रान्स ही दोन रूपं (दुहेरी बंधाभोवती गटांची मांडणी वेगळी असलेली) द्रवरूप हायड्रोजन ब्रोमाइडमध्ये उणे 78 अंश सेल्सियसला ठेवली, तेव्हा दोघांपासून वेगवेगळे पदार्थ मिळाले. तापमान खोलीइतकं असताना मात्र दोघांपासून एकच मिश्रण. मला या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग हाच वाटतो, कारण सगळी भानगड वेळेची आहे हे तो उघड करतो. थंडीत बंध फिरायला वेळ लागतो आणि आजूबाजूला हायड्रोजन ब्रोमाइड खचाखच भरलेलं असतं. मूलक आपला मूळ आकार विसरण्याआधीच त्याला हायड्रोजन मिळतो. उबेत तो आधी फिरून घेतो. शिवाय नुकताच आलेला ब्रोमीन एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कार्बनकडे झुकून ती बाजू अडवून धरतो, असं स्पष्टीकरण दिलं जातं. त्यामुळे हायड्रोजनला मागचं दार तेवढं उरतं.

जिथे असा ब्रोमीन नाही, तिथे बाजू अडवायला दुसरं कुणी लागतं. कधी तो रेणूवरचाच एखादा अवजड गट असतो. 1990च्या दशकात तर डाव्या-उजव्या घडणीचे सहायक रेणू आणि मॅग्नेशियमसारख्या धातूंचे क्षार वापरून, आरशातल्या प्रतिमांपैकी एकच जास्त मिळवणाऱ्या मूलक अभिक्रियाही जमल्या.

बहुवारिकांत, म्हणजे छोटे रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्यांत, मात्र मूलकाची धरसोड पथ्यावर पडते. अॅक्रिलिक ज्यापासून बनतं त्या मिथाइल मेथाक्रिलेटचे रेणू मूलकामार्फत एकामागून एक जोडले जातात, तेव्हा प्रत्येक जोडणीत बाजू पक्की नसते. कल थोडा एकाआड एक बाजू बदलणाऱ्या रचनेकडे असतो, इतकंच. अशा अनियमित साखळ्या नीट रचून स्फटिक बनत नाहीत. प्रकाश विखुरणारे स्फटिकच नाहीत, म्हणून अॅक्रिलिकच्या जाड पत्र्यातूनही आरपार दिसतं.