पारसिकचा डोंगर झोपलेला ज्वालामुखी नाही
पारसिकचा डोंगर म्हणजे झोपलेला ज्वालामुखी, आणि गणेशपुरी-वज्रेश्वरीची गरम कुंडं हा त्याचा पुरावा, असं ठाण्यात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे.

काळा दगड लाव्हाचाच, एवढं खरं. पण तो पारसिकच्या माथ्यावरून उसळलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहत राहिला आणि थरावर थर साचले. आजही हे थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. डोंगराचा आकार नंतरच्या झिजेतून आला. ज्या तप्त स्रोतातून हा लाव्हा निघाला, तो बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. आपला भूखंड केव्हाच उत्तरेकडे सरकला.

मग कुंडं गरम कशी? पावसाचं पाणी खोल मुरतं. खाली जावं तसा खडक तापत जातो, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी. तापलेलं पाणी भेगांमधूनच वर येतं. त्याला लाव्हा लागत नाही.

मुंब्र्याच्या उताराखाली राहणाऱ्यांना पावसाळ्यात खरी भीती दरडींची आहे. ज्वालामुखीच्या गप्पांत तीच मागे पडते, याचं वाईट वाटतं.